‘घोडेस्वारीच्या नावाखाली पायपीट’ या रिव्ह्यूला आमचं उत्तर

नमस्कार,

आमच्या दोन दिवसांच्या, तंबूत मुक्कामाच्या घोडेस्वारीच्या ट्रिपबद्दलचा तुमचा दोन स्टारचा रिव्ह्यू वाचला. इतरांना संदर्भ लागेल म्हणून तुमच्या तक्रारी आधी सांगते. बोरिवलीचं नॅशनल पार्क घरापासून हाकेच्या अंतरावर असताना कर्जतपलीकडे नेलं. दोन दिवसांत घोडा एकदाही पळवू दिला नाही, उलट उतारावर खाली उतरवून चालायला लावलं. मेहुण्यांना वजनावरून घोडा नाकारला. आणि रात्रभर कुणीतरी बॅटरी घेऊन तंबूंभोवती फिरत होतं, त्यामुळे झोपेचं खोबरं झालं. पिठलं-भाकरी उत्तम होती असंही लिहिलंत. तेवढं स्वयंपाकाच्या मावशींना वाचून दाखवलं.

पार्कचं आधी घेते, कारण फोनवर निम्मे लोक तेच विचारतात. संजय गांधी राष्ट्रीय उद्यान सुमारे १०४ चौरस किलोमीटरचं आहे. कान्हेरीकडे जाणारा तो सावलीतला रस्ता पाहिला की इथं घोडा काय झकास चालेल, असं कुणालाही वाटेल. मलाही वाटतं. पण वन्यजीव संरक्षण कायदा, १९७२ चं कलम ३५ राष्ट्रीय उद्यानात जनावरं चारायला मनाई करतं आणि आत न्यायलाही. सूट आहे ती फक्त आत जायची परवानगी असलेल्या माणसाने वाहन म्हणून वापरलेल्या जनावराला. ही सूट मोबाइलवर काढून दाखवणारे मला बरेच भेटतात. अहो, परवानगीवाल्या एका माणसाखालचा एक घोडा निराळा, आणि आठ घोडे, त्यांचा चारा, तंबू, चूल असा संसार घेऊन रात्रीचा मुक्काम ठोकणं निराळं. शिवाय विहार आणि तुळशी हे तलाव त्याच जंगलात आहेत, त्यांचं पाणी मुंबईच्या नळाला येतं. आणि बिबटे आहेतच. तिथं रात्री घोडे बांधून ठेवणं म्हणजे बिबट्याला आवतण देणं.

भाच्याने अमेरिकेहून पाठवलेल्या व्हिडिओचा उल्लेख तुम्ही केलाय, ‘तिथं पार्कमध्येच घोडे घेऊन राहतात’ म्हणून. खरं आहे. तिथल्या कितीतरी पार्कांत घोडेवाल्यांसाठी वेगळे कॅम्प असतात, ट्रेलर लावायला जागा, घोड्यांसाठी कुंपणाचे कप्पे, पाण्याची सोय. आपल्याकडे असं काही नाही याचं वाईट तुमच्यापेक्षा मला जास्त वाटतं. पण व्हिडिओत कागदपत्रं दिसत नाहीत. तिथं बऱ्याच ठिकाणी कॉगिन्स चाचणीचा निगेटिव्ह रिपोर्ट दाखवल्याशिवाय घोडा गेटातून आत जात नाही. घोड्यांमध्ये रक्तक्षयाचा एक संसर्गजन्य रोग असतो, त्याची ती तपासणी. पश्चिमेकडच्या अनेक सरकारी जंगलांत चारासुद्धा तणाचं बी नसल्याचा दाखला असलेलाच चालतो. घोडा नुसता झाडाला बांधून ठेवणंही वर्ज्य, कारण कंटाळलेला घोडा खुराने मुळं उकरतो आणि साल कुरतडतो. दोन झाडांना रुंद पट्टे गुंडाळायचे आणि मध्ये डोक्याच्या वर दोर ताणून त्याला घोडे बांधायचे, ही तिथली रीत. दुपारच्या विश्रांतीला आमचे घोडे जसे बांधलेले तुम्ही पाहिलेत, ते तिकडूनच उचललंय.

आपल्याकडे धास्ती असते ग्लँडर्स या घोड्यांच्या संसर्गजन्य रोगाची. त्यावर लस नाही, माणसालाही तो होतो आणि सापडला तर जनावर मारावं लागतं. तुमच्या एका मित्राने फार्महाउसवरचा स्वतःचा घोडा आणतो म्हणून फोनवर बराच आग्रह धरला होता आणि आम्ही ‘रक्ततपासणीचा रिपोर्ट आणा’ म्हटल्यावर ते नाराज झाले. रिव्ह्यूमधल्या ‘आडमुठे लोक’ या शब्दांचा उगम बहुधा तिथेच असावा. त्याबाबतीत आडमुठेपणा कबूल आणि तो पुढेही राहील.

आता पळवण्याचं. तुमच्या ग्रुपमधले बहुतेक जण पहिल्यांदाच खोगिरावर बसत होते. सकाळी ज्यांना रिकिबीत, म्हणजे पाय ठेवायच्या कडीत, पाय फक्त चवड्यापर्यंतच घालायचा, टाचेपर्यंत सरकू द्यायचा नाही, हे शिकवलं, त्यांच्या हातात दुपारी चौखूर उधळणारा घोडा द्यायचा? पडल्यावर पाय रिकिबीत अडकला तर घोडा फरफटत नेतो, आणि त्या रानात मुरूम आणि सुटे दगड आहेत. सवय असलेल्यांना आम्ही सपाटीवर दुडकी चाल देतो. तुमच्यातल्या दोघींना ती मिळाली, त्यांनी आधी शिकल्याचं फॉर्मवर लिहिलं होतं आणि बसल्या क्षणी ते दिसलंही. घोडा नुसत्या कदम चालीने ताशी सहा-एक किलोमीटर जातो. थांबे धरून दिवसाला पंधरा किलोमीटर म्हणजे नवख्या माणसाच्या मांड्यांना पुरेसं असतं. दुसऱ्या दिवशी सकाळी तंबूतून बाहेर येताना कोण कसं चालत होतं ते मी पाहिलंय, त्यावर जास्त लिहीत नाही.

उतारावर उतरवलं त्याचं कारण. घोड्याच्या वजनाचा मोठा भाग, साठ टक्क्यांच्या आसपास, एरवीही पुढच्या पायांवर असतो. उतार लागला की तो आणखी पुढे झुकतो, त्यात खोगीर सरकत खांद्याच्या हाडावर येतं आणि स्वार घाबरून लगाम ओढतो. ओढ्याजवळ तुम्ही उतरलात तेव्हा मोतद्दाराने, म्हणजे घोड्यांची देखभाल करणाऱ्याने, तुमच्या घोडीचा तंग (खोगिराचा पोटाखालचा पट्टा) सैल करून खोगिराखालची घडी उचलली होती, आठवत असेल. तुम्हाला तो वेळकाढूपणा वाटला. घडीला आतून कुसळं चिकटली होती, चार-पाच. जानेवारीत तिथलं गवत वाळलं की कुसळं माणसाच्या मोज्यांत शिरतात तशी खोगिराखालीही शिरतात. वर माणसाचं वजन आणि खाली कुसळ, तासाभरात कातडी सोलवटते. मग तो घोडा कितीतरी दिवस खोगिराला लावता येत नाही. पाच मिनिटं गेली ती यात गेली.

मेहुण्यांबद्दल जपून लिहिते, कारण तो विषय तुम्ही चव्हाट्यावर आणलात, आम्ही नाही. वजनकाटा आम्ही मुद्दाम सामानाच्या तंबूमागे ठेवतो आणि एकेकालाच बोलावतो. स्वार अधिक खोगीर मिळून घोड्याच्या वजनाच्या वीस टक्क्यांपेक्षा जास्त भार नको, हा जगभर मानला जाणारा ठोकताळा आहे. आमचा सगळ्यात दणकट घोडा चारशे किलोच्या थोडा वर. म्हणजे वीस टक्के ऐंशीच्या जरासे पुढे, त्यातून खोगिराचे आठ-नऊ किलो वजा करा. म्हणून मर्यादा पंचाहत्तर. ती बुकिंगच्या फॉर्मवर ठळक आहे आणि फॉर्मवर त्यांनी भरलेला आकडा मर्यादेच्या आतला होता. काट्यावरचा नव्हता. त्यांना सामानाच्या बैलगाडीत जागा दिली, रायडिंगची रक्कम त्याच आठवड्यात परत केली. ‘अपमान केला’ हा शब्द मात्र मला पटला नाही. गाडीवानाशी त्यांची चांगली गट्टी जमली होती आणि मुक्कामावर सगळ्यांच्या आधी चहा त्यांनाच मिळाला होता.

रात्रीची बॅटरी मोतद्दाराची. मुक्कामाला घोडे आगाडी-पिछाडीवर, म्हणजे पुढून आणि मागच्या पायांना दोर लावून, मेखांना बांधलेले असतात. एखाद्याचा पाय दोरात गुंतला तर तो स्वतःला जखमी करून घेतो. दुसरी भीती पोटशुळाची. घोड्याला ओकारी काढता येत नाही, त्यामुळे पोट बिघडलं की प्रकरण जिवावर बेतू शकतं. तो वारंवार वळून कुशीकडे बघायला लागला, खाली बसून लोळायला लागला, की त्याच क्षणी कळलं पाहिजे. म्हणून दर दीड-दोन तासांनी फेरी. तंबू घोड्यांपासून आणखी लांब लावता येतील का, हे विचारलंत. जमीन खासगी आहे आणि विहीर एका टोकाला. एका घोड्याला दिवसाला तीस-चाळीस लिटर पाणी लागतं, आठ घोड्यांचं तीनशेच्या घरात, तेव्हा घोडे विहिरीजवळच राहणार. झोप हलकी असलेलं कुणी असेल तर बुकिंग करतानाच सांगा, बांधाकडचा तंबू देतो.

तुमची एक सूचना राहिली, पुढच्या वेळी घोड्यांवरून थेट भीमाशंकरला न्या, शिडी घाटाने. त्या वाटेचं नाव शिडी घाट आहे कारण तिथं शिड्या आहेत. गणेश घाट लांबचा आणि सोपा, पण वर अभयारण्य आहे, घोडे घेऊन मुक्कामाची परवानगी आम्ही मागितलेली नाही आणि मागणारही नाही. पायथ्याच्या खांडस गावापासून पायी चढून जायचं असेल तर खुशाल जा, पहाटे निघा, नशीब असेल तर शेकरू दिसेल.

आणि पावसाळी ट्रिप का नाही, या प्रश्नाचं थोडक्यात: निसरड्या चिखलात घोडा पाय मोडून घेतो आणि सततच्या ओल्याने खूर कुजतात. हिरवाईचे फोटो आम्ही लावत नाही ते म्हणूनच. आम्ही साधारण नोव्हेंबरमध्ये सुरू करतो आणि होळीच्या आसपास बंद, कारण त्यानंतर विहीर तळ गाठते.

मेहुण्यांना पुढच्या हंगामात यायचं असेल तर बैलगाडी, जेवण आणि तंबू असं वेगळं बुकिंग घेता येईल, घोड्याचे पैसे लागणार नाहीत. परत केलेल्या रकमेबद्दल काही शंका असेल तर बुकिंगच्याच नंबरावर फोन करा. सोमवारी सकाळी नको, तेव्हा नालबंद येतो आणि आम्ही सगळे घोडे धरायला असतो.