चरित्रनायकाचे श्रेय अखंड कसे राखावे

एप्रिलच्या अखेरीस येणाऱ्या दादासाहेब फाळके यांच्या जयंतीसाठी आपण लेख लिहिणार असाल, तर त्यांच्या पत्नी सरस्वतीबाईंकरिता एक परिच्छेद अवश्य राखून ठेवावा. तो शेवटून दुसरा असावा. त्यांचा उल्लेखच गाळण्याची जुनी पद्धत आता जोखमीची झाली आहे, कारण हल्ली वाचक विचारतात. शिवाय कृतज्ञतेने ओथंबलेल्या एका परिच्छेदाने जे साधते, ते मौनाने कधीच साधत नाही.

सुरुवात स्वयंपाकघरापासून करावी. ‘राजा हरिश्चंद्र’ हा चित्रपट तयार होत असताना घरचे सांभाळून सरस्वतीबाई साऱ्या मंडळींचे जेवण रांधत होत्या, हे वाक्य अत्यंत बिनधोक आहे. वाचक गहिवरला, की त्याच वाक्याच्या शेपटीला ‘तांत्रिक कामातही त्यांचा हातभार लागे’ एवढे जोडून पुढे निघावे.

त्या हातभाराचा तपशील मात्र देऊ नये. कोऱ्या फिल्मच्या कडांना यंत्रावर भोके पाडणे, रसायने तयार करणे, फिल्म धुणे ही कामे त्या करीत, इतके लिहिले तरी पंचाईत होते. आकडेमोड तर मुळीच करू नये. पस्तीस मिलिमीटरच्या फिल्मवर दर चौकटीला दोन्ही कडांवर चार-चार भोके असतात, एका फुटात १६ चौकटी बसतात आणि हा चित्रपट सुमारे ३,७०० फुटांचा होता. म्हणजे केवळ तेवढ्या लांबीसाठी पावणेपाच लाखांच्या घरात भोके, आणि तीही अंधारात, कारण उजेड लागला की फिल्म वाया जाते. हा हिशेब छापला, तर कॅमेरा चालवणारे त्र्यंबक तेलंग तंत्रज्ञ आणि अंधाऱ्या खोलीत बसणाऱ्या सरस्वतीबाई निव्वळ सहधर्मचारिणी, ही आपण इतक्या निगुतीने जपलेली विभागणी डळमळू लागते. (दादासाहेबांना हे काम पत्नीला शिकवताना कमीपणा वाटला नव्हता, पण चरित्रनायकाच्या प्रत्येक गुणाचे अनुकरण चरित्रकाराने करावेच, असे नाही.)

सरस्वतीबाईंच्या दागिन्यांविषयी लिहिताना हात आखडू नये. ते गहाण पडले, हा प्रसंग रंगवून सांगावा, परंतु त्याला त्याग म्हणावे, भांडवल म्हणू नये. तेवढीच रक्कम एखाद्या शेठजींनी घातली असती, तर त्यांना आपण निर्माते म्हटले असते, ही शंका वाचकाच्या मनात येण्याआधी परिच्छेद संपलेला बरा.

पुढे ३ मे १९१३ रोजी कोरोनेशन थिएटरात झालेल्या प्रदर्शनाकडे वळावे आणि अण्णा साळुंके यांचे नाव ठळकपणे द्यावे. तारामतीच्या भूमिकेसाठी एकही स्त्री मिळाली नाही, म्हणून त्यांनी लुगडे नेसले, ही हकिकत वाचकांना फार आवडते. भारतीय चित्रपटाची पहिली नायिका पुरुष होती, हे ऐकून चकित झालेला वाचक पहिली तंत्रज्ञ कोण, हे विचारायचे विसरून जातो.

एवढे करूनही कुणी पक्षपाताचा आरोप केलाच, तर फाळके यांच्या नावाचा पुरस्कार पुढे करावा. १९६९ सालचा पहिलाच पुरस्कार देविकाराणींना, म्हणजे एका स्त्रीला मिळाला होता. त्यांचा परिचय रूपवान अभिनेत्री एवढाच ठेवावा. १९४० मध्ये पती हिमांशू रॉय वारल्यावर बॉम्बे टॉकीज या चित्रपटसंस्थेचा कारभार त्यांनी हाती घेतला होता, हे सांगू लागलात तर त्यांच्यासाठीही शेवटून दुसरा परिच्छेद शोधावा लागेल.