डॉलरमागे आठ सेंट

गेल्या महिन्यात माझ्या मावसभावाने आमच्या घरच्या गटावर एक फोटो टाकला. पुण्यातला एक सायकल ट्रॅक, दुपारची वेळ, ट्रॅकवर चिटपाखरू नाही. खाली त्याने लिहिलं होतं, ‘जनतेचा पैसा. दिवसभरात एक सायकल दिसली तर शप्पत. उखडा आणि रस्ता रुंद करा.’ भराभर अंगठे पडले. मला राहवलं नाही. मी लिहिलं, ‘दादा, ट्रॅक रिकामा का आहे, हेही विचार ना.’ त्यावर उत्तर आलं, ‘तू तिकडे अमेरिकेत फ्रीमाँटमध्ये बसून आम्हाला शिकवू नकोस. इथे तुला मत नाही.’

ते शेवटचं वाक्य तेव्हापासून डोक्यातून जात नाही. त्याच्याकडे येईनच, पण आधी ट्रॅक.

आमचे बाबा शनिवार पेठेतून खडकीच्या कारखान्यात सायकलने जायचे. कॅरिअरला डबा अडकवलेला, मागच्या मडगार्डजवळ सायकलकराचा पत्र्याचा बिल्ला. दरवर्षी नवा बिल्ला आणणं हे घरातलं एक कामच असे. म्हणजे हे शहर एकेकाळी सायकलवाल्याकडून कर घेत होतं. रस्त्यावर त्याचा हक्क आहे का, असा प्रश्न तेव्हा कोणी विचारत नव्हतं. आज त्याच्यासाठी खर्च करायचा म्हटलं की तो उधळपट्टी ठरतो, याचा मला मनापासून राग येतो.

दादाच्या फोटोतल्यासारखे ट्रॅक मी चालून पाहिलेत. मध्येच झाड, पुढे डीपीची पेटी, मग एखाद्या दुकानाचा उतार, आणि चौक आला की ट्रॅक गायब. जिथे वळणाऱ्या बसखाली सापडायची भीती, नेमकी तिथेच सायकलवाल्याची साथ सोडायची. असा ट्रॅक रिकामाच राहणार. हे ट्रॅक असे का झाले, याचा धागा पैशांपाशी जातो. 2005 साली शहरांच्या सुधारणेसाठी केंद्राची जेएनएनयूआरएम योजना आली. पुण्याच्या गटातल्या शहरांना 50 टक्के केंद्राचे, 20 राज्याचे आणि 30 महापालिकेचे, अशी वाटणी होती. 2006च्या राष्ट्रीय नागरी वाहतूक धोरणाने चालणाऱ्यांना आणि सायकलींना प्राधान्य द्या असं सांगितलं होतं, त्यामुळे बीआरटीच्या, म्हणजे बससाठी राखीव मार्गिकांच्या, आराखड्यांत सायकल ट्रॅक आले. पैसा बांधायला मिळाला. पण फरशी उखडली, फांद्या वाढल्या, गाड्या चढल्या, तर बघायचं कोणी आणि कशातून? योजनेचा पैसा एकदाच येतो आणि देखभाल जन्मभराची असते.

आता माझ्याकडची गोष्ट सांगते. दादाला ती शिकवणी वाटेल, पण ही काही अमेरिकेच्या श्रीमंतीची गोष्ट नाही.

आमच्या अलमीडा काउंटीत, म्हणजे कॅलिफोर्नियातल्या आमच्या जिल्ह्यात, 2000 साली लोकांनी मतदान करून वाहतुकीसाठी अर्ध्या टक्क्याचा विक्रीकर स्वतःवर लावून घेतला. त्यातले पाच टक्के पायी चालणाऱ्यांसाठी आणि सायकलींसाठी, असं बॅलटवरच्या आराखड्यातच लिहिलेलं होतं. 2012 साली हा कर अर्ध्यावरून एक टक्का करायचा प्रस्ताव आला, मेझर बी1. असा कर लावायला दोन तृतीयांश मतं लागतात. बी1ला मिळाली 66.53 टक्के. साधारण सातशे मतांनी पडला. सायकलवाल्या संस्था, बसवाले, कामगार संघटना, सगळे पुन्हा उभे राहिले आणि दोन वर्षांनी तोच विषय मेझर बीबी म्हणून आणला. या वेळी 70 टक्क्यांहून अधिक मतं पडली. आता तो कर 2045पर्यंत आहे, आणि पायी-सायकलींचा वाटा पाचावरून आठ टक्क्यांवर गेला.

म्हणजे मी कॉस्टकोत मुलीसाठी शंभर डॉलरचं सामान घेतलं, तर या कराचा एक डॉलर जातो आणि त्यातले आठ सेंट पदपथ, क्रॉसिंग आणि सायकलच्या वाटांना. एवढंच. आकडा बघितला तर क्षुल्लक आहे. पण ते आठ सेंट दुसरीकडे वळवता येत नाहीत. शहरांना स्थानिक रस्त्यांसाठी जो वेगळा हिस्सा मिळतो, त्यातलेही किमान 15 टक्के पायी-सायकलच्या कामावर लावावे लागतात. दरवर्षी नागरिकांची एक स्वतंत्र समिती हिशेब तपासून अहवाल छापते. शिवाय राज्याकडे किंवा वॉशिंग्टनकडे अनुदान मागायला जाताना ‘आमचा हिस्सा तयार आहे’ असं शहराला सांगता येतं. घरात चार पैसे असले की बँकही दारात उभी करते, तसं आहे हे.

उलट उदाहरणही इथलंच. 2024 साली राज्याच्या तिजोरीत तूट आली, तेव्हा याच कामांसाठी जाहीर केलेल्या रकमेतून कोट्यवधी डॉलर काढून घेतले गेले. काउंटीच्या आठ सेंटांना मात्र कोणी हात लावू शकलं नाही, कारण ते मतदारांनी बांधून दिलेले होते.

पुण्यात पैसा नाही असं मला कोणी सांगू नये. महापालिकेचं 2025-26चं अंदाजपत्रक 12,618 कोटींचं होतं. त्याचा एक टक्का म्हणजे सव्वाशे कोटी. कागदही कमी नाहीत. 2016 साली पादचारी धोरण झालं. 2017 साली 824 किलोमीटर ट्रॅकचा सायकल आराखडा मंजूर झाला. देशात फार थोड्या शहरांनी एवढं लिहून ठेवलंय, आणि याचा मला अभिमान आहे. पण आपल्याकडे महापालिकांच्या कारभारात ‘वर्गीकरण’ नावाचा एक शब्द आहे. एका कामासाठी ठेवलेली रक्कम वर्षाच्या मध्यात ठराव करून दुसऱ्या कामाकडे न्यायची. ज्याच्या मागे कोणी उभं नाही, त्या रकमेवर हा हात आधी पडतो. उड्डाणपुलाच्या मागे उभे राहणारे पुष्कळ असतात, पदपथाच्या मागे कोण? गणेशखिंड रस्त्यावरचा विद्यापीठ चौकातला उड्डाणपूल 2020 साली मेट्रोसाठी पाडला. पंधरा वर्षंही झाली नव्हती त्याला. त्या पैशांबद्दल आमच्या गटावर एकही फोटो आला नाही.

जंगली महाराज रस्त्याचे पदपथ रुंद झाले तेव्हाही दादा असाच चिडला होता. पार्किंग गेलं म्हणून. आज तो नातवाला घेऊन तिथेच फिरायला जातो. मी एकदा बोलून दाखवलं तर म्हणाला, ‘ते वेगळं.’

इथे सगळं आलबेल आहे असं नाही. फ्रीमाँट बसलंय गाडीवर. मीही दुधासाठी गाडी काढते. वॉलनट अ‍ॅव्हेन्यूवर बार्ट रेल्वेच्या स्थानकाकडे जाणारा वेगळा, कडा बांधलेला सायकलमार्ग झाला, तेव्हा आमच्या गल्लीतले लोक पुणेकरांइतकेच करवादले. शहराने 2015 साली रस्त्यावर एकही मृत्यू होऊ द्यायचा नाही असं धोरण स्वीकारलं, तरी बातम्या थांबलेल्या नाहीत. पण माझी मुलगी अकरा वर्षांची असल्यापासून एकटी सायकलने शाळेत गेली, आणि मला खिडकीत उभं राहावं लागलं नाही. पुण्यात माझी भाची चौदाची आहे. शाळा दीड किलोमीटरवर, आणि ती रिक्षाने जाते. पुण्याची लोकसंख्या, फेरीवाले, पावसाळा हे सगळं मला माहीत आहे, मी तिथेच वाढले. त्या चौदा वर्षांच्या मुलीला यातल्या कुठल्या कारणाचं उत्तर द्यायचं?

आता मत.

मी 2005 साली इथे आले. 2012 साली बी1 सातशे मतांनी पडला, तेव्हा मी सात वर्षं कर भरत होते आणि घरी बॅलट येत नव्हतं. 2014 सालीही आलं नाही. ग्रीन कार्डाच्या रांगेत माझ्यासारखे किती होते! नाइल्समधल्या मराठी मंडळाच्या कोजागिरीला आम्ही या कराबद्दल तावातावाने बोललो होतो आणि मग हसून म्हणालो होतो, आपल्याला कोण विचारतंय. दोन वर्षांपूर्वी मी अमेरिकन नागरिकत्वाची शपथ घेतली. पहिलं बॅलट स्वयंपाकघरातल्या टेबलावर उघडलं आणि अर्धा तास नुसती बघत बसले. त्याच शपथेने पुण्याच्या यादीतलं नाव गेलं.

पुण्यात मार्च 2022पासून जवळजवळ चार वर्षं नगरसेवकच नव्हते, प्रशासकाच्या सहीने अंदाजपत्रकं झाली. जानेवारी 2026मध्ये अखेर मतदान झालं, तेव्हा गटावर सगळ्यांनी शाई लावलेली बोटं टाकली. मीही बराच वेळ टाइप करत होते. शेवटी ‘अभिनंदन’ लिहून फोन ठेवला. दादाचं खरं आहे. मला तिथे मत नाही. पण ज्या रस्त्यावर माझी आई चालते, त्याबद्दल मला म्हणायचंही काही नसावं, हे मला मान्य नाही.

मागच्या गणपतीत मी घरी होते. आई शहात्तर वर्षांची, एका गुडघ्याचं ऑपरेशन झालेलं. भाजीवाला चारशे पावलांवर. आमच्या घराजवळच्या पदपथाची कड मी हाताने मोजली, दीड वीत भरली. रस्त्यांची मानकं ठरवणाऱ्या इंडियन रोड्स काँग्रेसचा नियम आहे, कड 150 मिलीमीटरपेक्षा उंच नको. आई तिथे पाय उचलत नाही, खाली रस्त्यावरूनच चालते, माझ्या कोपराला धरून, मागून हॉर्न वाजला की थबकत. मे 2025मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की अडथळा नसलेला पदपथ हा घटनेच्या 21व्या कलमातल्या जगण्याच्या हक्काचा भाग आहे. मी तिला हे सांगितलं तर म्हणाली, ‘बरं झालं. उतार करतील का पण?’

पुण्यात 2006पासून नागरिकांना अंदाजपत्रकात आपल्या भागातली कामं सुचवता येतात. बाकावर बसण्याची सोय, पदपथाची दुरुस्ती, अशी पाच लाखांपर्यंतची छोटी कामं. आठ सेंटांच्या सर्वांत जवळ जाणारी आपली हीच गोष्ट, आणि आमच्या गटावर ती कोणालाच ठाऊक नव्हती. मी अर्ज आणला. नाव आईचं, कारण तिचं आहे तिथे मत. प्रभाग क्रमांक दादाला फोन करून विचारला. त्याने सांगितला, आणि दहा मिनिटांनी परत फोन करून म्हणाला, ‘त्या मेडिकलसमोरचाही लिही, तिथे मी पडलोय एकदा.’ मी ते दोन्ही लिहिले. कामाची आवश्यकता का, या रकान्यात मी न्यायालय, नियम, मिलीमीटर असं सगळं लिहायला घेतलं होतं. आईने पेन माझ्या हातातून घेतलं, चष्मा सारखा केला आणि सावकाश लिहिलं, ‘मला भाजी आणायला जाता येत नाही.’