पोस्टात गेलात तर ती पाटी वाचा

काल दिवाळीचं पार्सल टाकायला इथे ह्युस्टनला अ‍ॅडिक्स हॉवेल रोडवरच्या पोस्टात गेले होते. साताऱ्याला आईसाठी गुडघ्याचे पट्टे, भाच्याचे बूट, बदामाचं पाकीट. कस्टम्सच्या फॉर्मवर एकेका वस्तूचं वजन आणि किंमत भरत होते, तेवढ्यात लेकीने पाटीवरचं नाव मोठ्याने वाचलं. डेप्युटी संदीप सिंग धालीवाल. "आई, हे आपल्यातले?"

रांगेत होते, म्हटलं गाडीत सांगते. तिला सांगितलं तेच इथे लिहितेय, कारण ह्युस्टनमध्ये दहा-दहा वर्षं काढलेल्या आपल्या कितीतरी जणांना या पोस्टाचं नाव माहीत नाही.

धालीवाल हे हॅरिस काउंटीच्या, म्हणजे ह्युस्टनच्या जिल्ह्याच्या, शेरीफ खात्यातले पहिले शीख डेप्युटी, म्हणजे पोलीस अधिकारी. या पोस्टाला त्यांचंच नाव आहे. पगडी आणि दाढीसह वर्दी घालायची परवानगी त्यांना 2015 साली मिळाली. 2017 मध्ये हार्वे चक्रीवादळाने शहर बुडवलं, तेव्हा कॅलिफोर्नियाहून मदतीचा ट्रक इथे आणण्यासाठी त्यांनी धडपड केली. 27 सप्टेंबर 2019 ला भरदुपारी एक गाडी थांबवून चौकशी केली, आपल्या गाडीकडे परत वळले आणि मागून गोळी घातली गेली. घरी बायको आणि तीन मुलं.

अमेरिकेत पोस्टाच्या इमारतीला नाव द्यायचं तर काँग्रेसमध्ये, म्हणजे इथल्या संसदेत, कायदा करावा लागतो. दोन्ही सभागृहं, मग राष्ट्राध्यक्षांची सही. राज्यातल्या सगळ्या प्रतिनिधींचा पाठिंबा हवा, असा हाउसच्या, म्हणजे प्रतिनिधिगृहाच्या, समितीचा प्रघात आहे, आणि टेक्ससचे तेव्हा 36 प्रतिनिधी होते. ह्युस्टनच्या प्रतिनिधी लिझी फ्लेचर यांनी विधेयक आणलं, 2020 च्या डिसेंबरमध्ये कायदा झाला, पुढच्या ऑक्टोबरात समारंभ. भारतीय वंशाच्या माणसाचं नाव मिळालेलं देशातलं हे दुसरं पोस्ट. पहिलं कॅलिफोर्नियात टेमेक्युलाला, दलीप सिंग सौंद यांचं. बर्कलीची गणितातली पीएचडी असूनही त्यांना नागरिकत्वासाठी 1949 पर्यंत थांबावं लागलं, आणि 1956 मध्ये ते काँग्रेसवर निवडून आले.

"काँग्रेसला दुसरी कामं नाहीत का?" असं परवा आपल्याच एका कार्यक्रमात ऐकलं. मला हे अजिबात पटत नाही. एरवी कशावरच एकमत न होणारे लोक एका पगडीधारी डेप्युटीच्या नावावर एक होतात, ही लहान गोष्ट नाही. आणि त्यासाठी पोस्टासारखी जागा नाही. पुतळ्यापाशी आपण मुद्दाम जातो, पोस्टात सगळ्यांनाच जावं लागतं. पासपोर्टचा अर्ज घेऊन कुणी येतं, कुणी मनीऑर्डर करायला, आणि तिथे उभं राहून नजर त्या नावावर पडते. रस्त्यावर ज्यांच्यासाठी ते ड्यूटी करत होते, तेच हे लोक.

एक मात्र टोचतं. पाटी लॉबीत आहे, पण लोकांच्या तोंडी "अ‍ॅडिक्सचं पोस्ट" एवढंच. नाव द्यायला कायदा लागला, ते रुळवायचं काम आपलं आहे. मी आता पत्ता सांगताना "धालीवाल पोस्ट" म्हणते. समोरच्याने "कोण धालीवाल?" विचारलं की सांगते. तुम्हीही सांगा ना. फराळाचं पार्सल टाकायला जाल तेव्हा मुलांना घेऊन जा.

लेकीला मी "हो, आपल्यातलेच" म्हटलं. घरी येईपर्यंत ती गप्प होती. पावतीवर ते नाव नव्हतं, तर तिने मागच्या बाजूला पेनने लिहून ठेवलं.