ओझं म्हणे!

घर आणि संस्कृती हे ओझं, ते उतरवलं की खरा, स्वतः निवडलेला 'मी' सापडतो, असं मी वाचलेल्या एका लिखाणात लेखक म्हणतात. वाचायला बरं वाटतं. पण मी अलिबागकडचा, त्यामुळे मला लगेच आमच्याकडचे बेने इस्रायली, म्हणजे कोकणातले ज्यू, आठवले. पिढ्यान् पिढ्या कोकणात तेलाचे घाणे चालवले, शनिवार हा ज्यूंचा विश्रांतीचा वार, त्या दिवशी घाणा बंद म्हणून 'शनवार तेली' हे नाव पडलं. आडनावं पेणकर, रोहेकर, किहीमकर. घरात मराठी, प्रार्थना हिब्रूत. १९४८ नंतर यातले बहुतेक इस्रायलला गेले. तिथे तरी आपल्या माणसांत आलो म्हणावं, तर १९६२ मध्ये तिथल्या ज्यू धर्मपीठाने फर्मान काढलं: यांच्याशी लग्न जुळवायचं तर आधी वंशाची चौकशी करा! लोक रस्त्यावर उतरले, धरणं धरली, तेव्हा कुठे १९६४ मध्ये तिथल्या संसदेने हे सर्वार्थाने ज्यूच आहेत असं जाहीर केलं. आता सांगा, यात 'स्वतः निवडलेली ओळख' नेमकी कुठे बसवायची?

शुभकार्याला त्यांच्यात मलिदा करतात. भिजवलेले पोहे, ओलं खोबरं, साखर, वेलची, वर सुकामेवा, भोवती फळं, आणि एलियाहू हन्नबी या ज्यू प्रेषिताचं स्तवन. पोहे-खोबरं अस्सल कोकणी, स्तवन हिब्रू, ताट एकच. तिकडे जन्मलेल्या नव्या पिढीला मराठी फारसं येत नाही, मलिदा मात्र चालू आहे. त्यांना कुणी ओझं उतरवायला सांगून बघावं. लेखकाकडे कधी कुणी ओळखीचा पुरावा मागितलेला दिसत नाही.