बंड्याचे चांदीचे मोजे

बंड्याने पाय वर करून मोजे दाखवले, तिथून सगळं सुरू झालं.

"नॅनो सिल्व्हर! आठ दिवस घाला, वास नाही."

"मग आधीची वीस वर्षं आम्ही काय पाप केलं होतं?" शुभदा म्हणाली.

कर्वे रस्त्याला बंड्याचं गाड्यांना नॅनो कोटिंग मारायचं दुकान आहे. नॅनोला कुणी नाव ठेवलं की त्याला घरच्यांना बोलल्यासारखं लागतं. शुभदा भोसरीला रंगाच्या कंपनीत केमिस्ट आहे आणि नॅनो कणांच्या धोक्यांवरच्या पेपरातल्या बातमीने सकाळपासूनच तापलेली होती.

"अमेरिकेत 2008 साली असेच मोजे नुसत्या पाण्यात धुऊन पाहिले. काहींची जवळपास सगळी चांदी थोड्या धुण्यांतच गेली. तुझी मुठा नदीत जाणार. ती जंतू मारायलाच घातलीय ना? सांडपाणी साफ करतात तेही जंतूच असतात."

"मुठेत मरायला कोण उरलंय? आणि नॅनोमीटर म्हणजे केसाच्या जाडीचा ऐंशी हजारावा भाग गं! एवढ्याशाने काय होतंय?"

"एक सेंटिमीटरचा ठोकळा घे. बाहेरून 6 चौरस सेंटिमीटर. तोच 10 नॅनोमीटरच्या ठोकळ्यांत चिरलास तर 600 चौरस मीटर. साडेसहा हजार स्क्वेअर फूट!"

"कोथरूडमध्ये?" बंड्याचे डोळे चमकले.

"तुझ्या फुप्फुसात. वजन तेच, पण शरीराला भिडणारी जागा दहा लाख पट."

मी विचारलं, सनस्क्रीनमध्येही नॅनो असतं, मग ते टाकून द्यायचं का?

"क्रीम लाव खुशाल. धडधाकट कातडीतून झिंक ऑक्साइड फारसं आत जात नाही. स्प्रे मात्र नको, तो श्वासात जातो. कण बांधलेला आहे की मोकळा, तेवढं बघायचं. रंगाच्या डब्यात तो बांधलेला असतो. कोरड्या पावडरची गोणी फोडली की मोकळा. आणि गोणी केमिस्ट फोडत नाही." ती बंड्याकडे वळली. "तुझी पोरं जुनं कोटिंग कोरडंच घासतात ना?"

"रुमाल बांधतात."

"रुमाल!"

"स्वच्छ असतो गं. मी स्वतः आणून देतो."

"तू? माझे दोन वडापावचे पैसे अजून आणून दिले नाहीस."

मग गाडी वडापाववर गेली, तिथून बंड्याने माझी स्कूटर नेऊन हँडल वाकडं करून आणली होती त्यावर. पाच मिनिटं नॅनो कुणाच्याच डोक्यात नव्हतं.

आप्पा तेवढा वेळ गप्प होते. म्हणाले, "आमचा दादा पत्र्याच्या कारखान्यात होता. ॲस्बेस्टॉसच्या. कपडे झटकत घरात यायचा, आम्ही पोरं त्या धुळीत बोटाने नावं काढायचो. तीस वर्षांनी दम लागायला लागला. कारखान्याने सांगितलं, तंबाखूने झालं. दादाने आयुष्यात तंबाखू खाल्ली नाही."

कुणी काही बोललं नाही. मग शुभदाच हळू आवाजात म्हणाली, "आप्पा, लांब, ताठ कार्बन नॅनोट्यूब, म्हणजे कार्बनच्या अतिसूक्ष्म नळ्या, उंदरांच्या पोटात टोचल्या, तर ॲस्बेस्टॉससारखीच सूज आली. तेही 2008 सालीच कळलं. सगळ्या नॅनोट्यूब तशा नसतात. पण 2014 मध्ये त्यातल्या एका प्रकाराला कर्करोगाचा संशयित ठरवलंय. या वेळी आधी कळलंय, हो."

"मग नियम नाहीत?"

"केंद्र सरकारच्या नॅनो मिशनने 2016 साली मार्गदर्शक सूचना काढल्यात. पण त्या सूचना, कायदा नव्हे. करायचं काय ते ठाऊक आहे. पावडर हवा ओढून घेणाऱ्या हूडखाली उघडायची, अगदी बारीक धूळ अडवणारा हेपा फिल्टर लावायचा, सांडलेलं ओल्या फडक्याने पुसायचं, कचरा वेगळा बंद करायचा, झाडू अजिबात लावायचा नाही. आधीच्या कंपनीत मी हे भिंतीवर लावलं, इंग्रजीत. झाडायला येणाऱ्या मावशींना इंग्रजी येत नव्हतं. त्यांना दिला होता झाडूच."

मला वाटतं सगळी बातमी त्या मावशींमध्ये आहे. पेपरात त्या नव्हत्या.

"आमची आजी सडा घातल्याशिवाय अंगण झाडायची नाही," आप्पा म्हणाले. "धूळ नाकात जाते म्हणून. तिला कुठला हेपा?"

तेवढ्यात अमृततुल्यवाला पोऱ्या बंद करायच्या तयारीने झाडू घेऊन बाहेर आला.

"अरे, आधी पाणी शिंपड!" शुभदा, आप्पा आणि मी एकदम ओरडलो.

पोऱ्या दचकला. बंड्याने उठून मोठ्या तत्परतेने बाकावरचा तांब्या त्याच्यासमोर उपडा केला, आणि निम्मं पाणी त्याच्याच मोज्यांवर गेलं.

"गेली चांदी!" आप्पा म्हणाले, आणि दादाची गोष्ट सांगितल्यापासून पहिल्यांदा हसले.