टर्की पावसात बुडून मरत नाही, गारठून मरते

मोहोळकडच्या माझ्या मावशीची टर्कीची अकरा पिल्लं गेल्या वर्षी परतीच्या पावसात एका रात्रीत मेली. अठरा दिवसांची होती. त्यानंतर घरात कुणी हा विषय काढला नाही. परवा मामांनी घरच्या ग्रुपवर ‘जगातला सर्वात मूर्ख पक्षी’ असा मेसेज टाकला आणि खाली मावशीसाठी लिहिलं, ‘बघ, तुझी चूक नव्हती, पक्षीच तसला.’ मामांनी मायेनेच लिहिलं. पण मावशीचा मला फोन आला, ‘मग आता परत आणू नको म्हंतोस का रं?’ तिचा आवाज ऐकून मला राहवलं नाही.

मेसेजचं म्हणणं असं. पाऊस आला की टर्की चोच उघडून आभाळाकडे बघत बसते आणि नाकातोंडात पाणी जाऊन मरते. ती स्वतःची पिल्लं मारते. काठीवर मादीचं नुसतं डोकं लावून दाखवलं तरी नर नाचतो. तिला उडता येत नाही. डोक्याचा रंग बदलला की रोग समजून पक्षी काढून टाकावा. आणि टर्की पाळली की घराजवळ साप फिरकत नाही.

पावसाचं आधी बोलतो, कारण नुकसान त्यानेच केलं आहे. टर्कीचे डोळे डोक्याच्या दोन्ही बाजूंना असतात. तिला वर बघायचं असेल तर ती मान तिरकी करते आणि एकच डोळा आभाळाकडे लावते. आभाळात घार दिसली की मावशीच्या अंगणातले पक्षी असेच एका डोळ्याने वर बघत थबकतात. चोच वर करून आभाळ बघायची त्यांना गरजच नाही. मग ही गोष्ट आली कुठून? काही टर्कींमध्ये एक आनुवंशिक विकार असतो. त्यात मान आखडते आणि पक्षी अर्धा मिनिट किंवा जास्त वेळ वरच बघत राहतो, मग ऊन असो की पाऊस. अमेरिकेतल्या ऑरेगन स्टेट युनिव्हर्सिटीच्या टॉम सॅव्हेज यांनी यावर काम केलं आहे. म्हणजे हा झटका आहे, त्याचा अकलेशी संबंध नाही, आणि त्याने पक्षी बुडत तर नाहीच.

आता त्या रात्रीचं सांगतो. पिल्लं विकणाऱ्यानेच मावशीला सांगितलं होतं की वरून कागद टाका, नाहीतर वर बघून मरतात. तिने कागद टाकला, चांगला दुहेरी. पाणी आलं ते भिंतीखालून. शेडची जमीन अंगणापेक्षा खाली होती, तूस भिजून लगदा झाला आणि लाईट गेल्यामुळे उबेसाठी लावलेला बल्बही बंद. मी सकाळी पोचलो तेव्हा अकराही पिल्लं एकाच कोपऱ्यात ढीग होऊन पडली होती, खालची पार चपटी. लव अंगाला चिकटलेली, पाय गार. मी एकेक उचलून उलटं धरलं, गळा दाबून पाहिला. एकाच्याही चोचीतून पाण्याचा थेंब आला नाही.

या वयात पिल्लाच्या अंगावर पुरती पिसं नसतात, बरीचशी लवच असते. ती भिजली की ऊब संपते. पहिल्या आठवड्यात पिल्लांना ३५ अंश सेल्सिअसच्या आसपास ऊब लागते, पुढे दर आठवड्याला तीनेक अंशांनी कमी करत न्यायची. ती मिळाली नाही की पिल्लं एकमेकांच्या अंगावर चढतात आणि खालची गुदमरतात. हे कोंबडीच्या पिल्लांनाही होतं, पण त्यांना कुणी मूर्ख म्हणत नाही. मला राग आहे तो याचाच. ‘वर बघून मरतात’ म्हटलं की माणूस छत बघतो, जमीन बघत नाही. तो कागद टाकताना तिने जमिनीवर दोन घमेली मुरूम टाकला असता तर पिल्लं वाचायची शक्यता होती.

एक गोष्ट मान्य करावी लागेल. टर्कीची पिल्लं सुरुवातीला खाद्य ओळखत नाहीत आणि भरल्या भांड्याशेजारी उपाशी मरू शकतात. त्यावर उपाय साधा आहे. खाद्यात आणि पाण्यात रंगीत गोट्या टाकायच्या, भांड्यावर बोटाने टकटक करायचं, वर हिरवा पाला बारीक चिरून टाकायचा. चकाकतं आणि हलतं तिकडे पिल्लू चोच मारतं, आणि चार वेळा मारल्यावर शिकतं. आई जवळ असती तर तिने दाखवलं असतं. अंडी उबवायच्या मशीनमधून निघालेल्याला आई कुठली?

पिल्लं मारण्याचा दावा अर्धवट उचललेला आहे. १९६० साली श्लाइट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी नोंदवलं की बहिऱ्या केलेल्या टर्की माद्यांनी स्वतःची पिल्लं मारली. घरट्याजवळ जे हलेल त्याच्यावर मादी धावून जाते आणि पिल्लाची चिवचिव ऐकली की थांबते. तिचे कानच काढून घेतले तर ती ओळखणार कशी? ऐकू येणारी मादी पिल्लांना पंखाखाली घेऊन बसते, मी रोज पाहतो. मेसेज लिहिणाऱ्याने ‘बहिऱ्या केलेल्या’ हे दोन शब्द गाळले आणि आईला खुनी ठरवलं.

काठीवरच्या डोक्याचं खरं आहे. पेनसिल्व्हेनियात शाइन आणि हेल यांच्या प्रयोगात नर नुसत्या डोक्यासमोरही पिसारा फुलवायचे. पण याच पक्ष्याबद्दल २००५ साली ॲलन क्राकाउर यांनी दाखवलं की रानटी नर भावाला सोबत घेऊन मादीसमोर नाचतात. मादीशी जोडी जमते ती वरचढ भावाची, दुसरा नुसती साथ देतो. हे कुणी फॉरवर्ड करत नाही.

उडण्याचं थोडक्यात. रानटी टर्की उडते, रात्री झाडावर बसते. मांसासाठी वाढवलेली जड पांढरी जात उडू शकत नाही, ते वजन माणसाने चढवलंय. मावशीच्या काळ्या माद्या संध्याकाळी लिंबावर चढून बसतात.

रंग बदलण्याच्या मुद्द्यावर मात्र लक्ष द्या, कारण त्यापायी लोक धडधाकट पक्षी कापतात. १६१२ साली मुकर्रब खानाने गोव्याहून जहांगीर बादशहासाठी टर्की आणली. बादशहाने आत्मवृत्तात लिहून ठेवलंय की याचं डोकं आणि मान घडीघडीला रंग बदलते, कधी पोवळ्यासारखी लाल, कधी कापसासारखी पांढरी, सरड्यासारखी. उस्ताद मन्सूरने काढलेलं तिचं चित्र आज लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट म्युझियममध्ये आहे. चारशे वर्षांपूर्वी पहिल्यांदा पाहणाऱ्याला जे कळलं ते आपल्याला कळायला हरकत नाही. पक्षी चिडला, घाबरला, माजावर आला की रंग बदलतो. आजारी पक्षी पिसं फुगवून कोपऱ्यात बसतो, खात नाही. ते बघा.

साप दिसला तर टर्की गोळा होऊन ओरडतात, एवढं खरं. त्या भरवशावर रात्री बॅटरीशिवाय शेडकडे जाऊ नका. आपल्याकडे घोणस आहे.

मामा, तो मेसेज तेवढा काढा. मावशी पुढच्या महिन्यात पंचवीस पिल्लं आणतेय. शेडची जमीन वीतभर मुरूम टाकून उचलली आहे, बल्बला बॅटरीची जोड दिली आहे, आणि शेजारच्या पोराकडून तिने दहा रंगीत गोट्या मागून आणल्यात.