दादाच्या यादीत एकही बाई नाही

सकाळपासून डोकं फिरलंय. दादाने टाकलेली पोस्ट तुम्ही बघितलीच असेल, खाली बदाम टाकणाऱ्यांत तुमच्यातलेच निम्मे आहेत. 'नव्वदचं दशक : रॉकचं शेवटचं सोनेरी पान.' खाली दहा बँड. निर्वाना, पर्ल जॅम, मेटॅलिका, साउंडगार्डन, ओएसिस, रेडिओहेड वगैरे. दहाच्या दहा पुरुषांचे. वर मखलाशी, 'तेव्हा संगीतात प्रामाणिकपणा होता.'

अरे, त्या प्रामाणिक दशकाचा डावा कान माझा होता!

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगते. घरात वॉकमन एकच, इअरफोन एकच. उजवा कान दादाचा, डावा माझा, आणि बटणं कायम त्याच्या हातात. अर्धी गिटार माझ्यापर्यंत पोचायचीच नाही. तरी काय वर्ष होतं ते 1991! ऑगस्टमध्ये मेटॅलिकाचा काळा अल्बम आणि पर्ल जॅमचा 'टेन', सप्टेंबरात 'नेव्हरमाइंड', नोव्हेंबरात यूटूचा 'अख्तुंग बेबी'. पुढच्या जानेवारीत निर्वानाच्या तीन पोरांनी मायकल जॅक्सनला बिलबोर्डच्या पहिल्या नंबरावरून खाली खेचलं. आम्हाला या कॅसेटी उशिरा मिळाल्या, पण मिळाल्या तेव्हा अंगावर काटा आला होता. त्यावर माझं दादाशी भांडण नाहीच.

भांडण पुढे आहे. गायिका पीजे हार्वी लागली की त्याचा अंगठा फॉरवर्डवर. 'नुसती ओरडते.' म्हणजे निर्वानाचा कर्ट कोबेन ओरडला तर वेदना, आणि ही ओरडली तर डोकेदुखी!

आणि दादा, तू निर्वानाच्या ज्या 'स्मेल्स लाइक टीन स्पिरिट'वर आजही मान हलवतोस, त्याचं नाव बिकिनी किल या पंक बँडच्या गायिकेने, कॅथलीन हॅनाने कर्टच्या भिंतीवर खरडलेल्या ओळीतून आलंय. हीच कॅथलीन कार्यक्रमात पोरींना पुढे बोलवायची, पोरांना मागे सरकवायची. कर्टची बायको कोर्टनी लव्ह हिच्या होल या बँडचा 'लिव्ह थ्रू धिस' 12 एप्रिल 1994 ला आला. कर्टला जाऊन आठवडा झाला होता. लोक काय म्हणाले? गाणी नवऱ्यानेच लिहून दिली असणार! आजही म्हणतात. आमच्या घरातही म्हणतात.

कर्टला मात्र हे कळत होतं. निर्वानाच्या 1992 च्या 'इन्सेस्टिसाइड' अल्बमच्या आतल्या मजकुरात त्याने सरळ लिहिलं होतं, समलैंगिकांचा, वेगळ्या वर्णाच्या माणसांचा किंवा बायकांचा द्वेष करत असाल तर आमच्या कार्यक्रमांना येऊ नका आणि आमच्या रेकॉर्डही घेऊ नका.

त्याचा तो एमटीव्हीचा 'अनप्लग्ड' कार्यक्रम आम्ही टीव्हीवर बघितला. इअरफोन नाही, दोन्ही कान माझे. शेवटचं गाणं. शेवटचे शब्द उरलेत आणि तो थांबतो, डोळे उघडतो, एक श्वास घेतो आणि मग संपवतो. दादा रडत होता. मी बघितलं नाही असं दाखवलं. त्या पोराची मला अजून माया वाटते, म्हणून तर एवढी चिडचिड होतेय.

कारण त्याच दशकाचा शेवट जुलै 1999 च्या वुडस्टॉकने, अमेरिकेतल्या त्या संगीत महोत्सवाने झाला. जुना हवाई तळ, तापलेलं डांबर, पाण्याची बाटली चार डॉलरला. मोठ्या नावांत बायका तीन : शेरिल क्रो, अलानिस, ज्युएल. शेरिल गात होती आणि खालून पोरं तिला कपडे काढ म्हणून ओरडत होती. गर्दीत मुलींवर बलात्कार झाल्याच्या तक्रारी आल्या. शेवटच्या रात्री आगी लावल्या. कर्टने येऊ नका म्हणून सांगितलेली हीच ती माणसं, सात वर्षांनी पुढच्या रांगेत! दादाच्या सोनेरी पानावर यातलं अक्षर नाही.

हो, रेडिओहेडचा 97 चा 'ओके कम्प्युटर' मान्य. इंग्लंडात नेबवर्थला ओएसिससाठी दोन दिवसांत अडीच लाख माणसं आली, तेही मान्य. फक्त ओएसिसमधल्या त्या दोन सख्ख्या गॅलगर भावांची भांडणं बघायला कोणी एवढ्या लांब कशाला जावं, हे मला कळलेलं नाही. भावंडांची भांडणं मला घरात फुकट मिळत होती.

आणि याद्यांचंच म्हणशील तर कर्टने स्वतःच्या आवडत्या अल्बमांची यादी हाताने लिहून ठेवली होती. त्यात पीजे हार्वीचा 'ड्राय' आहे. जिला तू फॉरवर्ड करायचास ना, तीच. आज रात्री हेडफोन लावून पूर्ण ऐक, मध्ये बटण दाबू नकोस. मग भांडायला फोन कर. कमेंटमध्ये नको, तिथे तुझे मित्र येतात.